शेअरची खरेदी-विक्री बाजाराने का थांबवली? गोव्यातल्या भागधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, म्हापसा, मडगाव, डिचोली, पेडणे अशा ठिकाणांहून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक वेळा विचारणाऱ्याला एवढेच कळलेले असते की ॲपवर शेअर दिसतो पण विकता येत नाही. पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: शेअर सस्पेंड झाला एवढ्याने पैसे बुडाले की वाचले हे ठरत नाही. ते ठरते तो कशामुळे सस्पेंड झाला यावरून. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत कारणावर भर दिला आहे.

1. शेअर सस्पेंड झाला म्हणजे नेमके काय झाले?

बाजाराने, म्हणजे बीएसई किंवा एनएसईने, त्या शेअरची खरेदी-विक्री आपल्या यंत्रणेवर बंद केली. ऑर्डर घातली तर ती परत येते. कंपनी मात्र अस्तित्वात असते आणि तुम्ही तिचे भागधारक असता. डीमॅट खात्यात शेअरची संख्या तशीच राहते. लाभांश, बोनस, सभेतले मत हे हक्कही तसेच राहतात.

ॲपवर दिसणारा भाव हा शेवटच्या व्यवहाराचा असतो, कधी कधी काही वर्षांपूर्वीचा. त्या भावाने गुणून आपली मालमत्ता मोजू नका, आणि कर्जासाठीही तो आकडा धरू नका.

2. सर्किट लागणे, बाजार थांबणे, सस्पेन्शन आणि डिलिस्टिंग हे सगळे एकच का?

नाही. सर्किट म्हणजे एका दिवसात भाव किती वर-खाली जाऊ शकतो याची मर्यादा. बहुतेक शेअरना ती 2, 5, 10 किंवा 20 टक्के असते. खालचे सर्किट लागले की विकणारे रांगेत असतात पण घेणारा नसतो. व्यवहाराला बंदी मात्र नसते. संपूर्ण बाजारासाठी 10, 15 आणि 20 टक्क्यांचे वेगळे टप्पे आहेत. 23 मार्च 2020 रोजी निर्देशांक 10 टक्के पडला तेव्हा सगळा बाजार 45 मिनिटे थांबला होता आणि त्याच दिवशी पुन्हा सुरू झाला.

सस्पेन्शन एका कंपनीपुरते असते आणि दिवस, महिने, वर्षेही चालू शकते. डिलिस्टिंगमध्ये कंपनी बाजाराच्या यादीतूनच जाते. त्याबद्दल प्र. 18 पाहा.

3. बाजार कोणत्या कारणांनी सस्पेंड करतो?

सर्वांत मोठे कारण म्हणजे कंपनीने बाजाराला द्यायची माहिती न देणे. बाजाराची नियामक संस्था सेबी हिचे 2015 चे लिस्टिंग नियम आणि त्यावरची परिपत्रके यांत हे ठरवून दिले आहे. पुढच्यापैकी एखादी चूक सलग दोन तिमाही झाली की सस्पेन्शनची प्रक्रिया सुरू होते: तिमाही निकाल न देणे, भागधारणेचा तक्ता न देणे, कंपनी कारभाराचा अहवाल न देणे, संचालक मंडळ नियमाप्रमाणे नसणे (यात महिला संचालक नसणेही येते), ऑडिट कमिटी नियमाप्रमाणे नसणे, आणि एकूण भागभांडवल व डीमॅटमधले शेअर यांचा ताळमेळ दाखवणारा लेखापरीक्षण अहवाल न देणे. वार्षिक अहवालाच्या बाबतीत सलग दोन आर्थिक वर्षे धरतात. दुसऱ्या बाजाराने याच कारणांवरून सस्पेंड केले, तर तेही कारण पुरते.

याखेरीज वार्षिक लिस्टिंग फी थकवणे हेही कारण होऊ शकते. सेबीचा किंवा न्यायालयाचा आदेश, विलीनीकरण, भांडवल कपात आणि दिवाळखोरीतला निकाल यांमुळेही व्यवहार थांबतो, पण त्यांचा शेवट अगदी वेगवेगळा असतो. ते पुढे स्वतंत्र प्रश्नांत घेतले आहे.

नोटिशीत "नियमपालन न केल्यामुळे" एवढेच लिहिलेले दिसले तर त्यावर थांबू नका. सोबत कलमाचा आकडा असतो. 33 म्हणजे निकाल, 31 म्हणजे भागधारणा, 34 म्हणजे वार्षिक अहवाल, 17 म्हणजे संचालक मंडळ. फक्त महिला संचालकाच्या नेमणुकीवर अडकलेली कंपनी आणि निकालच न देणारी कंपनी यांत फार फरक आहे. निकाल न देणाऱ्या कंपनीत बहुधा ऑडिटर सही करायला तयार नसतो, नाहीतर त्याचे पैसे थकलेले असतात.

4. "सलग दोन तिमाही" कशी मोजायची? तारखांसह सांगा.

तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत द्यायचे असतात, वर्षाचे निकाल 60 दिवसांत. भागधारणेचा तक्ता 21 दिवसांत द्यायचा असतो.

समजा कंपनीने 30 जूनला संपलेल्या तिमाहीचे निकाल दिले नाहीत. मुदत 14 ऑगस्टला संपली. 15 ऑगस्टपासून दिवसाला 5,000 रुपये दंड सुरू झाला. पुढे 30 सप्टेंबरच्या तिमाहीचेही निकाल 14 नोव्हेंबरपर्यंत आले नाहीत. तोवर पहिल्या चुकीचाच दंड 92 दिवसांचा, म्हणजे 4,60,000 रुपये झाला, आणि त्यावर जीएसटी वेगळा. आता दुसरी तिमाही चुकली. बाजार शेअर झेड गटात (नियम न पाळणाऱ्या कंपन्यांच्या गटात) टाकतो, प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या व चालवणाऱ्या मालक मंडळींचे, शेअर गोठवले जातात आणि कंपनीला 21 दिवसांची लेखी नोटीस जाते. तेवढ्यात कागद आणि दंड दोन्ही आले नाहीत तर व्यवहार थांबवण्याची तारीख लागते. त्या तारखेच्या दोन कामकाजाचे दिवस आधीपर्यंत कंपनीने सगळे पूर्ण केले तर सस्पेन्शन टळते.

म्हणजे पहिली चूक ऑगस्टमध्ये आणि दार बंद होते ते साधारण डिसेंबरच्या सुमारास. अधले तीन-चार महिने भागधारकाच्या हातात असतात.

5. आधी आम्हांला कोणी सांगत का नाही?

बाजार सांगतो, पण आपल्या वेबसाइटवर. घरी पत्र येत नाही. म्हणून वर्षातून चार वेळा, 15 फेब्रुवारी, 31 मे, 15 ऑगस्ट आणि 15 नोव्हेंबरच्या सुमारास, आपल्याकडच्या प्रत्येक कंपनीचे निकाल बाजाराच्या साइटवर आले की नाही ते बघा. एका कंपनीला दोन मिनिटे लागतात. गणेश चतुर्थीच्या गडबडीत ऑगस्टची फेरी हमखास राहून जाते, आणि जूनच्या तिमाहीतली चूक नेमकी तेव्हाच दिसायची असते.

पुढच्या खुणा दिसल्या तर सावध व्हा: ऑडिटरने मुदतीआधी राजीनामा देणे, कंपनी सचिव किंवा वित्त अधिकारी एकामागोमाग सोडून जाणे, निकालाची सभा जाहीर करून पुढे ढकलणे, प्रवर्तकांचे तारण ठेवलेले शेअर वाढत जाणे. शेअर झेड गटात गेला, एनएसईवर बीझेड मालिकेत गेला, तर ती सर्वांत स्पष्ट खूण. त्या गटात प्रत्येक खरेदी-विक्रीची पूर्ण डिलिव्हरी द्यावी लागते. आज घेऊन आजच विकता येत नाही.

6. सस्पेंड झाल्यावरही सोमवारी विकता येतो म्हणतात. खरे का?

फक्त नियमपालनाच्या कारणावरून झालेल्या सस्पेन्शनमध्ये. सस्पेन्शनला 15 दिवस झाले की पुढचे 6 महिने दर आठवड्याच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी, पूर्ण डिलिव्हरीच्या तत्त्वावर, व्यवहाराची मुभा दिली जाऊ शकते. सोमवारी सुट्टी असेल तर तो दिवस मंगळवार होतो.

अडचण दोन ठिकाणी येते. एक, काही ब्रोकर आपल्या ॲपवर हे शेअर उघडतच नाहीत. डीलरला फोन करून ऑर्डर घालावी लागते, म्हणून आदल्या आठवड्यातच विचारून ठेवा. दोन, घेणारे फार थोडे असतात. मार्केट ऑर्डर घालू नका, भाव ठरवूनच घाला. एकदा नाही गेला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा घाला, कारण ऑर्डर आपोआप पुढे जात नाही.

निकालच न देणाऱ्या कंपनीत असाल तर हे सहा महिने वाया घालवू नका असे आमचे स्पष्ट मत आहे. ते संपल्यावर ही आठवड्याची खिडकीही बंद होते आणि प्रकरण सक्तीच्या डिलिस्टिंगकडे सरकते.

7. खाणी बंद पडल्या तेव्हा सेसा गोवाचा शेअर चालूच होता. म्हणजे धंदा बंद पडला तरी सस्पेंड होत नाही का?

बरोबर, धंदा थांबणे हे सस्पेन्शनचे कारण नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर 2012 मध्ये आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातले खनिज उत्खनन थांबले. ट्रक उभे राहिले, बार्जी उभ्या राहिल्या, तरी शेअरची खरेदी-विक्री रोज चालू होती. भाव वर-खाली झाला तो बाजाराचा निवाडा. मार्च 2018 मध्ये 88 लीज रद्द होऊन खाणी पुन्हा बंद झाल्या, तेव्हा कंपनीचे नाव वेदांता झाले होते आणि शेअरचे व्यवहार तेव्हाही थांबले नाहीत.

बाजार बघतो ते कंपनीने बातमी वेळेवर सांगितली की नाही. गोवा कार्बनसारखी कंपनी आपला कारखाना देखभालीसाठी काही दिवस बंद ठेवते तेव्हा बाजाराला लेखी कळवते. अशी सूचना वाचून घाबरण्याचे कारण नाही. कंपनी आपले काम नीट करत असल्याची ती खूण आहे.

8. कंपनीत घोटाळा उघड झाला तर तरी बाजार लगेच थांबवत असेल ना?

तसेही नाही. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम या संगणक सेवा कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली. त्या दिवशी शेअर सुमारे 179 रुपयांवरून 40 रुपयांपर्यंत आला, पण व्यवहार चालू राहिला. काही परदेशी बाजारांत मोठी बातमी येण्याआधी त्या शेअरचा व्यवहार थोडा वेळ रोखतात. आपल्याकडे एरवी सर्किटची मर्यादा तेवढी आवरते, पण सत्यमसारख्या काही शेअरना ती ठरीव मर्यादा लागू नसते. म्हणून "व्यवहार चालू आहे म्हणजे कंपनी ठीक आहे" असा अर्थ कधीही काढू नका.

9. माझ्या कंपनीचे विलीनीकरण झाले आणि शेअर सस्पेंड दिसतो. पैसे गेले का?

नाही. हे सर्वांत निरुपद्रवी सस्पेन्शन. जुन्या कंपनीचे शेअर रद्द होऊन नव्या कंपनीचे मिळायचे असतात, म्हणून कोणाला किती द्यायचे हे ठरवण्यासाठी यादी एका दिवशी गोठवावी लागते. एचडीएफसी लिमिटेड 1 जुलै 2023 रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. जुन्या शेअरचा शेवटचा व्यवहार 12 जुलैला झाला, 13 जुलै ही नोंद तारीख होती, आणि 25 जुन्या शेअरमागे बँकेचे 42 मिळाले. 2013 मध्ये स्टरलाइट इंडस्ट्रीज सेसा गोवात विलीन झाली तेव्हा स्टरलाइटच्या 5 शेअरना सेसा गोवाचे 3 शेअर मिळाले. स्टरलाइट यादीतून गेली, भागधारक मात्र सेसाचे झाले.

तपासायचे ते हे: नोंद तारीख, प्रमाण, नव्या शेअरचा आयएसआयएन क्रमांक (प्रत्येक शेअरचा ओळख क्रमांक), आणि अपूर्णांकाचे पैसे. 25 ला 42 अशा प्रमाणात 10 शेअर असलेल्याचा हिशेब 16.8 येतो. वरच्या अपूर्णांकाचे पैसे बँक खात्यात येतात. खाते बदलले असेल किंवा जुनी सहकारी बँक दुसरीत गेली असेल तर ते परत जातात, म्हणून डीमॅटमधला खाते क्रमांक आणि आयएफएससी आधी बघा.

भांडवल कपातीतही असाच थांबा लागतो, पण तिथे हिशेब कटू असू शकतो. रुची सोयाच्या दिवाळखोरी योजनेत जुन्या 100 शेअरचा 1 झाला. जानेवारी 2020 मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाला तेव्हा जनतेकडे जेमतेम 1 टक्क्याच्या आसपास शेअर होते, आणि तेवढ्यावर भाव दिवसेंदिवस वरच्या सर्किटला लागला. अशा वेळी नव्याने उडी मारणे धोक्याचे.

10. कंपनी एनसीएलटीत (दिवाळखोरीची प्रकरणे चालवणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेली की शेअर थांबतो का? शेवटी आम्हांला काय मिळते?

अर्ज दाखल झाला म्हणून थांबत नाही. जास्तीच्या निगराणीखाली व्यवहार चालू राहतो, आणि तिथेच सामान्य माणूस फसतो. जेट एअरवेजची विमाने एप्रिल 2019 मध्ये थांबली, शेअर मात्र त्यानंतर वर्षानुवर्षे विकला-घेतला गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायला, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायला, सांगितली.

योजना मंजूर होऊन तिच्यात जुने भागभांडवल रद्द करायचे ठरले की बाजार शेअर थांबवतो. गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएलमध्ये जून 2021 मध्ये हेच झाले आणि भागधारकांना शून्य मिळाले. हा नियतीचा खेळ नव्हे. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात फेडीचा क्रम आहे: प्रक्रियेचा खर्च, तारण असलेले कर्जदाते आणि कामगारांची 24 महिन्यांची देणी, मग इतर, आणि सर्वांत शेवटी शेअरधारक. बँकांनाच पूर्ण रक्कम मिळत नसेल तर शेवटच्या रांगेपर्यंत काही पोचत नाही. "नवा मालक येतोय, शेअर वाढेल" असे कोणी सांगितले तर योजनेत जुन्या शेअरचे काय होणार हे आधी विचारा.

गोव्यातल्या कंपन्यांची ही प्रकरणे एनसीएलटीच्या मुंबई पीठापुढे चालतात. आदेश त्यांच्या वेबसाइटवर कंपनीच्या नावाने शोधता येतात.

11. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तर तिच्या शेअरचे काय?

दोन उदाहरणे, दोन शेवट. येस बँकेवर 5 मार्च 2020 च्या संध्याकाळी निर्बंध आले. दुसऱ्या दिवशी व्यवहार चालूच होता आणि भाव निम्म्याहून खाली गेला. पुढे पुनर्रचनेत 100 किंवा त्याहून जास्त शेअर असलेल्यांचे 75 टक्के शेअर 3 वर्षांसाठी अडकवले गेले. म्हणजे बाजार उघडा, पण तुमच्या खात्यातले शेअर बंद. याला सस्पेन्शन म्हणत नाहीत, ते लॉक-इन. लक्ष्मी विलास बँकेचे नोव्हेंबर 2020 मध्ये डीबीएस बँकेत विलीनीकरण झाले. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले, भागधारकांचे भांडवल मात्र पूर्ण पुसले गेले. बँकेतली ठेव आणि बँकेचा शेअर यांत हा एवढा फरक आहे.

12. काहीही चूक नसताना कंपनीवर बंधन येऊ शकते का?

येऊ शकते. ऑगस्ट 2017 मध्ये सेबीने 331 संशयित शेल (केवळ कागदोपत्री असलेल्या) कंपन्यांची यादी बाजारांना दिली. त्यांचा व्यवहार महिन्यातून एकदाच, पहिल्या सोमवारी, अशा अवस्थेत टाकला गेला. त्यांतल्या जे. कुमार इन्फ्राप्रोजेक्ट्स आणि प्रकाश इंडस्ट्रीज या कंपन्यांवरच्या बंधनाला रोखे अपील न्यायाधिकरणाने काही दिवसांतच स्थगिती दिली. यादीत नाव दिसले म्हणून मिळेल त्या भावाला विकणाऱ्यांचे तेव्हा नुकसान झाले. आदेश आला तर कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली का, हे आधी पाहा.

13. ब्रोकरच्या ॲपवर ऑर्डर जात नाही, पण बाजाराच्या साइटवर शेअर चालू दिसतो. असे का?

बंधन ब्रोकरचे आहे. झेड गटातले किंवा निगराणीखालचे शेअर अनेक ब्रोकर खरेदीसाठी बंद ठेवतात. त्यांना खरेदी नाकारता येते, पण तुमच्या डीमॅटमधला शेअर विकायला नकार दिला तर ईमेलवर उत्तर मागा. ऑनलाइन होत नसेल तर डीलरकरवी घाला.

खरी स्थिती बघायची तर बीएसईच्या साइटवर रोख्यांची यादी उघडा. तिथे चालू, सस्पेंडेड आणि डिलिस्टेड अशी निवड आहे. नाव बदललेले असू शकते म्हणून आयएसआयएन क्रमांकाने शोधा. तो 12 अक्षरांचा असतो आणि डीमॅट स्टेटमेंटवर छापलेला असतो. एका बाजारात सस्पेंड आणि दुसऱ्यात चालू अशी स्थिती थोडा काळ राहू शकते, पण प्र. 3 मध्ये सांगितल्याप्रमाणे दुसरा बाजारही लवकरच पावले उचलतो.

14. मी काल विकला आणि आज सस्पेंड झाला. पैसे येतील ना?

येतील. थांबण्याआधी झालेला सौदा नेहमीसारखा पूर्ण होतो, म्हणजे लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी. फक्त शेअर डीमॅटमधून वेळेवर गेले पाहिजेत. ऑनलाइन पिन घालून मंजुरी द्यायची राहिली तर डिलिव्हरी चुकते आणि दंडासह हिशेब तोडला जातो.

15. सस्पेंड शेअर घरातल्या घरात, बाजाराबाहेर, दुसऱ्याच्या नावावर करता येतो का?

बहुधा येतो. सस्पेन्शन बाजारातल्या व्यवहाराला असते, डीमॅटमधल्या हस्तांतराला नाही. डिलिव्हरी स्लिप भरा, कारण आणि रक्कम लिहा आणि मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने मंजुरी द्या. मोबदला असेल तर त्यावर 0.015 टक्के मुद्रांक शुल्क लागते, लाखाला 15 रुपये. दोन अपवाद आहेत: डिपॉझिटरीने (डीमॅटमधल्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने) आयएसआयएनच गोठवला असेल, किंवा तुम्ही प्रवर्तक गटात असाल. कागदी शेअर असतील तर आधी डीमॅट करावे लागतील.

16. वडील वारले. त्यांच्या नावावर सस्पेंड कंपनीचे शेअर आहेत. वारसांच्या नावावर होतील का?

होतील, आणि थांबू नका. वारसाहक्काने नाव लागणे हा व्यवहार नव्हे. कंपनी पुन्हा सुरू झाली किंवा प्रवर्तकांना खरेदी करावी लागली (प्र. 18), तर नाव लागलेल्यालाच पैसे मिळतात.

गोव्यात एक गोष्ट वेगळी आहे. लग्न मालमत्तेच्या सामायिकतेखाली असेल तर अर्धा वाटा मुळात आईचाच असतो. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. 2012 च्या गोवा वारसा कायद्याप्रमाणे वाद नसेल तर स्पेशल नोटरीकडे डीड ऑफ सक्सेशन होते, वाटप करायचे असेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी. राज्याबाहेरच्या शेअर रजिस्ट्रारला (कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्याला) हे दस्त कधी कधी ओळखीचे नसतात आणि तो वारस प्रमाणपत्र मागत बसतो. दस्तासोबत कायद्यातल्या संबंधित कलमाची प्रत आणि वकिलाचे छोटे पत्र जोडा, बरेच हेलपाटे वाचतात.

नॉमिनी असला तर शेअर त्याच्या नावावर लवकर जातात, पण तो त्यामुळे मालक ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे स्पष्ट केले.

17. हा तोटा आयकरात दाखवता येतो का?

नुसता सस्पेंड झाला म्हणून नाही. भांडवली तोट्यासाठी हस्तांतर व्हावे लागते. प्र. 6 मधल्या सोमवारच्या खिडकीत 50 पैशांना जरी विकला, तरी तो खरा, कागदावर टिकणारा तोटा आहे. शेअर शून्यावर रद्द झाले असतील (प्र. 10) तर मुद्दा वादाचा ठरू शकतो. आदेशाची प्रत घेऊन सीएकडे जा.

सामायिकतेखाली विवाहित असलेल्या गोवेकरांनी हे विसरू नये: 1961 च्या आयकर कायद्याने कलम 5अ द्वारे पगार सोडून इतर उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे धरले. भांडवली नफा-तोटाही त्यात येतो. दोघांच्याही विवरणपत्रात तो दिसला पाहिजे, आणि तोटा पुढच्या वर्षांत ओढायचा तर दोन्ही विवरणपत्रे मुदतीत भरलेली हवीत.

18. सक्तीचे डिलिस्टिंग झाले तर?

6 महिन्यांहून जास्त सस्पेन्शन हे त्याचे एक कायदेशीर कारण आहे. आधी बाजार वर्तमानपत्रात सूचना देतो आणि हरकतीसाठी किमान 15 कामकाजाचे दिवस देतो. ही हरकत भागधारकालाही घेता येते. डिलिस्टिंगनंतर स्वतंत्र मूल्यांकनकार किंमत ठरवतो आणि प्रवर्तकांनी त्या किमतीला जनतेचे शेअर घ्यायचे असतात. प्रवर्तक आणि पूर्णवेळ संचालक यांना 10 वर्षे बाजारबंदी लागते.

कागदावर हे चांगले आहे. प्रत्यक्षात पैसे तेव्हाच येतात जेव्हा प्रवर्तक सापडतो आणि त्याच्याकडे काही उरलेले असते. म्हणूनच प्र. 5 मधल्या खुणांवर आम्ही एवढा जोर देतो.

स्वेच्छेने केलेले डिलिस्टिंग पूर्ण वेगळे. तिथे प्रवर्तक भाव देऊन बाहेर काढतो, आणि मूळ मुदत चुकली तरी नंतर किमान 1 वर्ष त्याच भावाला शेअर देता येतात.

19. पुणे, मंगळूर, बंगळूरच्या शेअर बाजारांवरचे जुने शेअर घरात आहेत. ते सस्पेंड आहेत का?

ते प्रादेशिक बाजारच बंद झाले. फक्त तिथेच नोंदलेल्या कंपन्या मोठ्या बाजारांच्या डिसेमिनेशन बोर्डवर गेल्या, तिथे खरेदी-विक्रीची इच्छा नोंदवता येत असे. आधी कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नावाने शोधा. चालू, नाव काढून टाकलेली, अवसायनात, यांपैकी स्थिती तिथे मोफत दिसते. कंपनी गोव्यात नोंदलेली असेल तर तिचे कागद पणजीच्या कंपनी निबंधकाकडचे असतात.

20. व्यवहार पुन्हा कधी सुरू होतो?

कंपनीने राहिलेले सगळे अहवाल दिले, दंड भरला आणि बाजाराने मान्य केले की सूचना निघते. सुरुवातीचे 7 दिवस पूर्ण डिलिव्हरीच्या तत्त्वावर व्यवहार होतो, मग शेअर नेहमीच्या गटात जातो. वर्षानुवर्षे बंद असलेल्या शेअरचा पहिला भाव अनेकदा खास प्री-ओपन सत्रात, म्हणजे नेहमीचे व्यवहार सुरू होण्याआधी, ठरतो. त्या दिवशी सकाळी 9 च्या आत तयार असा.

सुरू झाला म्हणून आनंदाने आणखी घेऊ नका. सगळे राहिलेले निकाल एकदम येतात. ते वाचा, विशेषतः ऑडिटरचे शेरे.

21. मी बोटीवर असतो, सहा-आठ महिने घरी नसतो. काय करून ठेवू?

जाण्याआधी डीमॅटमध्ये जहाजावरही बघता येईल असा ईमेल नोंदवा आणि ओटीपी येणारा भारतीय मोबाइल क्रमांक रोमिंगवर चालू ठेवा. नेमका हाच क्रमांक बंद असल्याने सोमवारची विक्री चुकते. घरच्या विश्वासू माणसाच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र करून ब्रोकरकडे नोंदवा. नुसते पासवर्ड सांगून जाऊ नका. अनिवासी खाते असेल तर मुखत्यारपत्राचा नमुना आधी ब्रोकरकडून घ्या.

22. "तुमचा सस्पेंड शेअर आम्ही सोडवून देतो, आधी फी भरा" असा फोन येतो.

फसवणूक आहे. बाजार, सेबी किंवा डिपॉझिटरी भागधारकाकडून शेअर सोडवण्यासाठी कोणतीही फी घेत नाही. दंड कंपनीने भरायचा असतो. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम रोखता येण्याची शक्यता जास्त असते.

23. तक्रार कुठे करायची?

क्रम पाळा. आधी कंपनीला आणि तिच्या शेअर रजिस्ट्रारला ईमेल. उत्तर नाही आले तर सेबीच्या स्कोर्स या तक्रार पोर्टलवर. तिथे 21 दिवसांत कारवाईचा अहवाल अपेक्षित असतो, आणि घटनेपासून 1 वर्षाच्या आत तक्रार व्हायला हवी. ब्रोकरशी वाद असेल आणि तिथे समाधान झाले नाही तर स्मार्ट ओडीआर हे ऑनलाइन तंटा सोडवण्याचे पोर्टल आहे.

"माझे पैसे मिळवून द्या" एवढेच लिहिलेली तक्रार बंद होते. कंपनीचे नाव, आयएसआयएन, शेअरची संख्या, कोणत्या तारखेचा कोणता अहवाल आला नाही आणि तुम्हांला नेमके काय हवे, हे पाच मुद्दे लिहा. सस्पेन्शन उठवणे तक्रारीने होत नाही, पण अडकलेला लाभांश, नावनोंदणी आणि विलीनीकरणाचे शेअर मिळतात.

बाजाराने कंपनी सक्तीने डिलिस्ट केली आणि तो निर्णय चूक वाटत असेल तर मार्ग वेगळा: रोखे अपील न्यायाधिकरणात 15 दिवसांत अपील. सबळ कारण दाखवले तर न्यायाधिकरण आणखी 1 महिन्यापर्यंत मुदत देऊ शकते. हे अपील कंपनीबरोबर नुकसान झालेल्या गुंतवणूकदारालाही करता येते.